हिरवा डॅशबोर्ड आणि मध्येच गायब होणारा ईसीजी: हॉस्पिटलच्या वायफायचं करायचं काय?

तारकुंपण (धागाकर्ता)

एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलचं नेटवर्क माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही, बायोमेडिकलवालाही नाही, तेव्हा वैद्यकीय शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

हृदयरोगाचा ४० खाटांचा वॉर्ड. आयसीयूतून बाहेर काढलेले पेशंट इथे येतात. त्यांच्या गळ्यात पाऊच, पाऊचमध्ये टेलिमेट्रीची डबी. ईसीजी आणि ऑक्सिजन सॅच्युरेशन त्या डबीतून वायफायनं सिस्टरांच्या टेबलावरच्या सेंट्रल स्टेशनला जातं. पेशंटनं उठावं, चालावं, म्हणूनच ही बिनतारी सोय. गेले ३ महिने दिवसातून ८-१० वेळा स्क्रीनवर ‘संपर्क तुटला’ येतं. २० सेकंद, कधी मिनिटभर सपाट रेघ, मग आपोआप सगळं सुरू.

डबीची कंपनी म्हणते, दोष नेटवर्कचा. नेटवर्कचा विक्रेता डॅशबोर्ड पुढे करतो: सगळे एपी (ॲक्सेस पॉइंट, छतावरचे वायफायचे डबे) हिरवे, वॉर्डात कुठेही उभं राहिलं तरी सिग्नल -५५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे खणखणीत. मी स्वतः लॅपटॉप घेऊन ४ वेळा वॉर्ड पालथा घातला, एकदाही तुटलं नाही. गेल्या महिन्यात वैतागून ६ एपी वाढवले. त्रास वाढला!

हॉस्पिटलचं वायरलेस आखलेलं इथे कुणी आहे का?

सिग्नलवेडा

एपी वाढवल्यावर त्रास वाढला, यातच निम्मं उत्तर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एवढं सांगा: डब्या कुठल्या बँडवर, चॅनेलची रुंदी किती, एपीची ट्रान्समिट पॉवर किती, एसएसआयडी (वायफायची नावं) किती, डीएफएस चॅनेल (रडारसोबत वाटून घ्यायचे) चालू आहेत का. डॅशबोर्डचा फोटो नको. तो हिरवा रंग एपीची तब्येत सांगतो, डबीची नाही.

हातोडी

सरळ केबल ओढा की! इतकी वर्षं वायरवर चाललंच ना सगळं?

तारकुंपण

@हातोडी, गळ्यात केबल अडकवून पेशंट कॉरिडॉरमध्ये कसा चालणार?

@सिग्नलवेडा, डब्या २ प्रकारच्या. जुन्या फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, नव्या दोन्हींवर. ५ गिगाहर्ट्झला रुंदी ८० मेगाहर्ट्झ. पॉवर ‘ऑटो’, पण पाहिली तेव्हा बहुतेक एपी २० डीबीएमवर होते. डीएफएस चालू. एसएसआयडी ७ (हसू नका): स्टाफ, डॉक्टर, पाहुणे, डब्या, इन्फ्युजन पंप, कार्यालय, आणि एक जुना, जो बंद करायला कुणी धजावत नाही.

सिग्नलवेडा

हसलो नाही, पण ७ ला ठेचकाळलो. हिशेब करू.

प्रत्येक एसएसआयडीचा बीकन सेकंदाला साधारण १० वेळा जातो. तुमच्या जुन्या डब्यांना दुखवायला नको म्हणून कुणीतरी २.४ वर १ मेगाबिटचा वेग चालू ठेवलाच असणार. त्या वेगानं अडीचशे बाइटचा एक बीकन हवेतला २.२ मिलिसेकंद वेळ खातो. ७ गुणिले १० गुणिले २.२, म्हणजे एका एपीचे सेकंदातले दीडशे मिलिसेकंद नुसतं ‘मी इथे आहे’ म्हणण्यात संपले. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुम्ही एपी वाढवलेत, तेव्हा एकाच चॅनेलवरचे ३ एपी एकमेकांच्या कानात बसलेले असणार. साडेचारशे मिलिसेकंद गेले. अजून एकाही पेशंटचा ईसीजी निघालेला नाही.

आता तुमचा लॅपटॉप. एपी २० डीबीएमनं बोलतो, म्हणजे १०० मिलिवॉट. डबीला बॅटरी पुरवून वापरायची असते. ती समजा १२ डीबीएमनं बोलते, म्हणजे १६ मिलिवॉट. एपी ओरडतोय, डबी कुजबुजतेय. डबीला एपी खणखणीत ऐकू येतो म्हणून ती त्याला चिकटून राहते, आणि एपीला मात्र तिचं अर्धं बोलणं पोचत नाही. तुम्ही मोजलात तो ओरडण्याचा आवाज. कुजबुज कुणी मोजलीच नाही. शिवाय लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेला, मोकळ्या हवेत. डबी माणसाच्या छातीवर, आणि रेडिओच्या दृष्टीनं माणूस म्हणजे पाण्यानं भरलेली पखाल. पेशंट डबीवर पालथा झाला की तुमच्या -५५ चं काय होतं ते एकदा बघाच.

म्हणून आखणी डबीच्या बाजूनं करायची. एपीची पॉवर डबीच्या जवळपास आणा. जिथे जिथे पेशंट जाऊ शकतो तिथे -६५ ते -६७ डीबीएम मिळायला हवं, आणि तेवढंच दुसऱ्या एपीकडूनही मिळायला हवं, म्हणजे पहिला मेला तरी डबी बेवारस होत नाही. सर्व्हे प्रत्यक्ष डबी गळ्यात घालून, दारं बंद करून. चॅनेल २० मेगाहर्ट्झचे. ८० ची रुंदी वेगासाठी असते. एवढ्या दाटीत ती घेतली की वापरायला चॅनेलच उरत नाहीत. तुम्हाला वेग हवाय कुणासाठी?

यंत्रांचा_वैद्य

वेगाबद्दल शंभर टक्के सहमत. मी बायोमेडिकलमध्ये आहे, ही यंत्रं उघडून बघणं हाच धंदा. ईसीजीची एक लीड (एक रेघ), सेकंदाला ५०० नमुने, प्रत्येकी १६ बिट: ८ किलोबिट झाले. सगळ्या लीड, सॅच्युरेशन, वरचा कारभार सगळं धरलं तरी एका पेशंटचा प्रवाह पाहुण्यांच्या व्हिडिओपुढे किरकोळ आहे. फरक इतकाच की व्हिडिओ काही सेकंदांचा साठा पुढे करून ठेवतो, हृदयाचे ठोके आगाऊ साठवता येत नाहीत. त्यामुळे डाउनलोड स्पीडची चाचणी करून ‘नेटवर्क उत्तम’ म्हणणारा माणूस दिसला की मी विषय बदलतो.

पण माझा मुख्य प्रश्न वेगळा. संपर्क तुटतो तेव्हा डबी काय करते? खाटेशेजारचा मोठा मॉनिटर असेल तर त्याला स्वतःचा पडदा आणि स्वतःचा भोंगा असतो. नेटवर्क गेलं तरी तो जागेवर ओरडतो. गळ्यातल्या डबीला बहुधा दोन्ही नसतं किंवा नावापुरतं असतं. तिचं सगळं शहाणपण सेंट्रल स्टेशनात. म्हणजे तुमच्या त्या २० सेकंदांत त्या पेशंटवर कुणाचंही लक्ष नसतं. तुटलेल्या वेळेतली नोंद डबी साठवून नंतर पाठवते का? साठवत असेल तर चांगलंच, पण तो इतिहास झाला. त्या मिनिटाला त्याचा उपयोग नाही.

आणि एक काम आजच करा: डबी, सेंट्रल स्टेशन आणि वायफाय कंट्रोलर (सगळे एपी चालवणारा), तिघांची घड्याळं जुळतात का ते बघा. एका ठिकाणी आम्ही २ आठवडे लॉग जुळवत बसलो होतो, मग कळलं की सेंट्रल स्टेशन ७ मिनिटं पुढे आहे. तोवर आम्ही निष्पाप एपींना पकडत होतो.

पांढरे_बूट

मी सिस्टर आहे, २ वर्षं टेलिमेट्रीच्या टेबलावर काढली आहेत. तांत्रिक काही कळत नाही, पण मूळ धाग्यात एक चूक आहे म्हणून लिहिते.

संपर्क तुटला की सपाट रेघ येत नाही. रिकामी पट्टी येते. सपाट रेघ आली तर आम्ही हातातलं टाकून धावतो. रिकाम्या पट्टीला कुणी धावत नाही. आमच्याकडे ती निळ्या अक्षरात यायची, एकदा बारीक टुण् वाजायचं, आणि लीड (छातीला चिकटवलेली तार) सुटली तरी तसंच निळं, तसंच टुण्. लीड तर घामानं, कूस बदलल्यानं दिवसभर सुटतच असतात. ८-१० वेळा म्हणता ना, आमच्याकडेही तेवढंच असेल. दुसऱ्या आठवड्यापासून हात आपोआप आवाज बंद करायच्या बटणावर जातो, डोळे वर होतच नाहीत. हे मी अभिमानानं सांगत नाहीये.

आणि ते कुठे तुटतं हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. आम्हाला माहीत होतं! लिफ्टजवळच्या खाटा, एक्स-रेहून परत येणारे, आणि रात्री उजव्या कुशीवर झोपणारे (आमच्याकडे पाऊच उजवीकडे बांधायची पद्धत होती).

सिग्नलवेडा

पांढरे_बूट, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी आम्ही सर्व्हेवाले भरपूर पैसे घेतो. :) लिफ्ट म्हणजे लोखंडी पेटी, एक्स-रेच्या भिंतीत शिसं. एमआरआयची खोली तर मुद्दाम रेडिओबंद केलेली असते. तिथून बाहेर पडणारी डबी प्रत्येक वेळी नव्यानं एपी शोधते.

हातोडी

पेशंट चालतो हे मान्य. पण खाटेला खिळलेल्यांचे मॉनिटर तरी केबलवर आहेत का?

यंत्रांचा_वैद्य

@हातोडी, हे मात्र बरोबर बोललात. जे यंत्र हलत नाही त्याला वायर. हवा मोजकी आहे, ती ज्याला हलायचंय त्याच्यासाठी राखावी. भिंतीत पोर्ट असूनही फिरवाफिरव नको म्हणून वायफायवर टाकलेले बेडसाइड मॉनिटर मी पाहिलेत.

जुना_खेळाडू

डीएफएसकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही? ५ गिगाहर्ट्झमधले बरेच चॅनेल रडारचे आहेत, आपण तिथे भाडेकरू. रडारची चाहूल लागली की एपीला १० सेकंदांत चॅनेल सोडावा लागतो, आणि नवीन डीएफएस चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. कधी कधी रडार नसतानाही एपीला रडारचा भास होतो. हेलिपॅड किंवा हवामानाचं रडार जवळ असेल तर विचारूच नका.

याहून छुपी गोष्ट अशी की डीएफएस चॅनेलवर डबीला आधी बोलायची मुभा नाही. इतर चॅनेलवर ती ‘कोण आहे?’ असं विचारून पटकन उत्तर घेते. इथे बीकन येईपर्यंत गप्प थांबायचं, प्रत्येक चॅनेलवर १०० मिलिसेकंदांहून जास्त. असे डझनभर चॅनेल धुंडाळेपर्यंत पेशंट लिफ्टपासून खोलीपर्यंत पोचलेला असतो. तुमचा मिनिटभराचा खंड आणि २० सेकंदांचा खंड एकाच रोगाचे आहेत असं समजू नका.

अवांतर: दुसऱ्याच्या पट्ट्यात पाहुणा म्हणून रेडिओ वापरायचा म्हणजे काय हे टेलिमेट्री आधीच शिकली आहे. १९९८ साली अमेरिकेत डॅलसला एका टीव्ही केंद्रानं डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी घेतली आणि हॉस्पिटलातले हृदयाचे बिनतारी मॉनिटर आंधळे झाले. ते रिकाम्या टीव्ही चॅनेलवर चालत होते, चॅनेल रिकामा राहिला नाही. २००० साली तिथल्या एफसीसीनं (दूरसंचार नियामकानं) वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी वेगळे पट्टे राखून दिले, ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा त्यातला एक. वायफायवर आलात म्हणजे पुन्हा सामाईक अंगणात आलात.

कुलूपकिल्ली

सुरक्षेचं काय? सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड असेल तर तो ज्याला कळला तो आत. प्रत्येक यंत्राला ओळख पटवायला स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र हवं, म्हणजे ईएपी-टीएलएस पद्धत.

यंत्रांचा_वैद्य

@कुलूपकिल्ली, तत्त्वतः होय. पण प्रमाणपत्राला मुदत असते. ६० डब्यांची मुदत एकाच रात्री १२ वाजता संपली तर? आतली छोटी बॅटरी मेलेली डबी तारीख विसरते आणि तिच्या लेखी चांगलं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. कपाटात ५ महिने पडून राहिलेली डबी काढतात ती नेमकी वॉर्ड भरलेला असताना. मुदतीचं वेळापत्रक सांभाळणारा माणूस नेमून द्या, मग करा.

कुलूपकिल्ली

मान्य. मग निदान डब्या वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क), आणि त्या व्हीलॅनमधून फक्त सेंट्रल स्टेशनकडे वाट. डीएचसीपीचा पूलही (यंत्रांना वाटायच्या नेटवर्क-पत्त्यांचा साठा) वेगळा. पाहुण्यांच्या फोननी पत्ते संपवले आणि मॉनिटर ताटकळले, हा प्रकार ऐकून माहीत आहे.

सिग्नलवेडा

एक पुस्ती. प्राधान्य दोन्ही दिशांना तपासा. डबीकडून हवेत निघणाऱ्या पॅकेटवर कुठला शिक्का मारायचा हे डबी ठरवते, एपी नाही. आणि वायरच्या बाजूचा एखादा स्विच वाटेत तो शिक्का पुसून टाकतो, मग हवेत दिलेलं प्राधान्य तिथेच संपतं.

जलद रोमिंगसाठी (एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन जाण्यासाठी) ८०२.११आर चालू करायचा मोह होईल. आधी एका जुन्या डबीवर करून बघा. काही जुनी यंत्रं तो दिसला की जोडायलाच नकार देतात.

केबलवाला_अण्णा

सगळे हवेत उडताय, मी जमिनीवरचं सांगतो. एका हॉस्पिटलात दर महिन्याला जनरेटरची चाचणी. वीज बंद, १० सेकंदांत जनरेटर चालू, दिवे आले, सगळे खूश. कुणाच्या लक्षात नव्हतं की एपींना वीज स्विचमधून मिळते, आणि मजल्यावरचा स्विच यूपीएसवर नाही. दिवे १० सेकंदांत आले, स्विच आणि त्यामागून एपी उठायला ५ मिनिटं लागली. तेवढा वेळ अख्खा मजला बेपत्ता. सर्व्हर रूमला मात्र २ यूपीएस होते.

आणि शेजारशेजारचे एपी एकाच स्विचला कधी जोडू नका. एक या स्विचला, पुढचा त्या स्विचला, बुद्धिबळाच्या पटासारखं. स्विच गेला तर प्रत्येक दुसरा एपी जातो, मजला जात नाही. वायर थोडी जास्त लागते, शिव्या कमी खाव्या लागतात.

एपी फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका. वर लोखंडी डक्ट, शिवाय दुरुस्तीला छताचा तुकडा काढायचा तर धूळ पडते म्हणून संसर्ग नियंत्रणवाल्यांची परवानगी. आयसीयूत ती लगेच मिळत नाही.

वाटसरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). मल्टिकास्ट (एकदाच पाठवून अनेकांनी ऐकायचा संदेश) पाहिलंत का? सेंट्रल स्टेशन डब्या शोधायला ते वापरत असेल, तर हवेत मल्टिकास्टची पोच येत नाही. हरवलं ते हरवलं.

तारकुंपण

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कामाला लागतो. मूळ धाग्यातली ‘सपाट रेघ’ तशीच ठेवतोय, म्हणजे पांढरे_बूट यांचा प्रतिसाद वाचणाऱ्याला कळेल.

तारकुंपण (५ आठवड्यांनी)

हिशेब द्यायला आलोय.

पहिल्यांदा घड्याळं. सेंट्रल स्टेशन ३ मिनिटं मागे होतं. जुळवल्यावर पहिल्यांदाच कंट्रोलरचा लॉग आणि ‘संपर्क तुटला’ शेजारी ठेवून वाचता आले. जुना_खेळाडू यांनी म्हटलं तसंच, रोग २ निघाले. मिनिटभराचे खंड म्हणजे डीएफएस. लॉगमध्ये रडारची नोंद, लगेच चॅनेल बदल, लगेच ४-५ डब्या बेपत्ता. हेलिपॅड नाही, विमानतळ नाही, रडार कुठलं ते शोधत बसलो नाही. डब्यांच्या मजल्यावर डीएफएस बंद केलं. २० मेगाहर्ट्झवर आल्यामुळे उरलेल्या चॅनेलमध्ये भागलं. कंट्रोलर भर दुपारी स्वतःच्या मनानं चॅनेल बदलत होता, तेही थांबवलं. आता बदल करायचा तर ठरलेल्या रात्री, सिस्टरांना सांगून, अर्धा वॉर्ड एका वेळी.

२० सेकंदांचे खंड म्हणजे चिकटून राहणाऱ्या डब्या, बहुतेक लिफ्टपाशी. पॉवर १२-१४ वर आणली आणि वाढवलेल्या ६ पैकी ४ एपी काढले. होय, काढले. उरलेल्या २ पैकी एक लिफ्टच्या दारासमोर हलवला. मग डबी गळ्यात घालून, वर वॉर्डातली जाड चादर पांघरून मी स्वतः लिफ्ट ते एक्स-रे १२ फेऱ्या मारल्या. वॉर्डबॉयनं मला पेशंट समजून व्हीलचेअर आणली.

एसएसआयडी ७ वरून ३. तो जुना, कुणी बंद करायला न धजावणारा, बंद केला. कुणाचा फोन आला नाही. जुन्या डब्यांपायी १ मेगाबिट सोडता येत नाही असं सगळे समजत होते. यंत्रांच्या कागदपत्रात बघितलं तर त्यांना ११ चालतं. खालचे वेग बंद.

आठवड्याला आता २-३ खंड येतात. त्यातले बहुतेक पेशंट डबीसकट जिन्यात जातो तेव्हाचे. जिन्यात एपी लावायचा की नाही यावर आमच्याकडे दोन तट आहेत.

यंत्रांचा_वैद्य

छान काम. जिन्याचा निर्णय नेटवर्कवाल्यांनी एकट्यानं घेऊ नका. आयईसी ८०००१-१ हे मानक, २०१० साली आलेलं आणि २०२१ मध्ये सुधारलेलं, नेमकं याचसाठी आहे: वैद्यकीय यंत्रं नेटवर्कला जोडली की जोखमीची जबाबदारी हॉस्पिटलची, एकट्या विक्रेत्याची नाही. पेशंटनं जिन्यात जायचं का हे डॉक्टर सांगतील, गेला तर दिसायला हवा का हेही तेच. आणि संपर्क मुद्दाम तोडून पाहिलात का?

तारकुंपण

पाहिलं. मंगळवारी रात्री, इन्चार्ज सिस्टर शेजारी उभ्या, रिकाम्या खाटेवर सिम्युलेटर (नकली ठोके देणारं यंत्र) लावलेली डबी. जवळचा एपी बंद केला, डबी दुसऱ्यावर गेली, लाट जेमतेम अडखळली. मग दुसराही बंद केला. सिस्टर घड्याळ बघत होत्या. स्क्रीनवर ‘संपर्क तुटला’ यायला ३१ सेकंद लागले. तोवर शेवटचा आकडा, ७२, तसाच झळकत होता.

कंपनीला विचारलं. उशीर सेटिंगमध्ये होता, ३० वर ठेवलेला. आमच्याच कुणीतरी, आवाज कमी व्हावेत म्हणून.

पांढरे_बूट

कुणीतरी म्हणजे आमच्यासारखंच कुणीतरी. किती वर आणलाय आता?

तारकुंपण

१० वर. आणि रंग बदलून घेतला, लीड सुटण्याचा निळा आणि याचा पिवळा. आवाजही वेगळा. पहिल्या रात्री इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला, २ वाजता: “हा कुठला नवीन आवाज?” खाट २२. पेशंट डबी उशीखाली ठेवून बाथरूमला गेला होता.